वायरलेस गेमिंग हेडसेट: खेळायला डोंगल, फोनच्या गाण्यांना ब्लूटूथ

नवा वायरलेस हेडसेट घेतलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. पडद्यावर गोळी सुटते आणि आवाज मागाहून येतो. माइक चालू केला की छान वाजणारं गाणं एकदम टेलिफोनवर ऐकू यावं तसं चपटं होतं. पलीकडचे मित्र म्हणतात, ‘तुझा आवाज तुटतोय.’ यातल्या बहुतेक वेळा हेडसेट ठणठणीत असतो, फक्त जोडलेला चुकीच्या वाटेने असतो. आजच्या गेमिंग हेडसेटमध्ये आवाज पोहोचवण्याच्या दोन-तीन वेगळ्या वाटा असतात आणि प्रत्येक वाट वेगळ्या कामाची असते. एवढं नीट समजलं तर पुढच्या सेटिंग्जचा गुंता निम्म्याने कमी होतो.

तीन वाटा

पहिली वाट यूएसबी डोंगलची. खोक्यात पेनड्राइव्हसारखा छोटा तुकडा येतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर फक्त आपल्याच हेडसेटशी बोलतो. या वाटेने आवाज साधारण १५ ते ४० मिलिसेकंदांत कानापर्यंत येतो. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे माइक चालू असतानाही ऐकू येणारा आवाज स्टिरिओच राहतो.

दुसरी वाट ब्लूटूथची. नेहमीच्या एसबीसी किंवा एएसी कोडेकवर (आवाज आटोपशीर करून पाठवायच्या पद्धती) इथे १५० ते २५० मिलिसेकंद सहज जातात. गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवत असेल तर एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची असते. म्हणजे २०० मिलिसेकंदांत बारा फ्रेम उलटून गेलेल्या असतात, शत्रू कोपरा वळून समोर आलेला असतो आणि त्याच्या पावलांचा आवाज अजून वाटेतच असतो.

‘पण यूट्यूब तर ब्लूटूथवर बरोबर चालतं’, असं इथे हमखास विचारलं जातं. चालतं, कारण पुढची काही सेकंदं काय वाजणार आहे हे व्हिडिओ दाखवणाऱ्या अ‍ॅपला आधीच ठाऊक असतं. ब्लूटूथला किती उशीर होतो ते पाहून ते चित्रच तेवढं मागे ठेवतं. गेममध्ये आवाज बटण दाबल्यावर जन्माला येतो, त्यामुळे चित्र मागे ठेवायची सोयच नसते.

तिसरी वाट ३.५ मिलिमीटरच्या वायरची. ती सगळ्याच हेडसेटना नसते. असेल तर बॅटरी संपल्यावर कामी येते. मात्र काही मॉडेल वायरवर असतानाही चालू करावी लागतात आणि काहींचा माइक वायरवर चालत नाही. जुन्या डेस्कटॉपला हेडफोन आणि माइकची दोन वेगळी भोकं असतात, तिथे चार कड्यांच्या पिनेसाठी स्प्लिटर केबल लागते.

विकत घेण्याआधी

आपण कशावर खेळतो ते आधी पाहायचं, ब्रँड नंतर. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स यांच्यापैकी कुणीही ब्लूटूथ हेडफोन थेट जोडून घेत नाही. प्लेस्टेशनला डोंगल लागतो. एक्सबॉक्सची स्वतःची वेगळी वायरलेस पद्धत आहे आणि पीसी-प्लेस्टेशनसाठी बनवलेला साधा डोंगल त्यावर चालत नाही. म्हणून एकाच मॉडेलच्या खोक्यांवर एक्सबॉक्ससाठी वेगळं आणि प्लेस्टेशनसाठी वेगळं नाव असतं. एक्सबॉक्सचं खोकं बहुधा पीसीवरही चालतं, उलट मात्र होत नाही. ऑनलाइन मागवताना रंग बघण्याच्या नादात हेच वाचायचं राहून जातं.

महाग हेडसेटमध्ये सगळं असेलच, हाही समज सोडा. लॉजिटेकचाच जी४३५ घ्या. वजन १६५ ग्रॅम, डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही आहे, पण तोंडासमोर येणारा दांडीचा माइक नाही. त्याच कंपनीचा वरच्या किमतीचा जी७३३ हा २७८ ग्रॅमचा. त्याला दांडीचा माइक आहे, पण ब्लूटूथच नाही. फोनवर गाणी ऐकायची असतील तर त्याचा उपयोग शून्य. स्टीलसिरीजच्या आर्क्टिस नोव्हा ७ सारख्या हेडसेटमध्ये डोंगल आणि ब्लूटूथ एकाच वेळी वाजतात, म्हणजे पीसीवर खेळता खेळता फोनवर आलेला कॉल घेता येतो. इतर काही हेडसेट एका वेळी एकच वाट चालू ठेवतात. खोक्यावर ‘ब्लूटूथ’ लिहिलंय एवढ्यावर समाधान मानू नका, दोन्ही एकदम चालतात का ते विचारा.

वजन ३०० ग्रॅमच्या आत असलेलं बरं, चष्मा असेल तर तर नक्कीच. ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर) ४० मिलिमीटरपेक्षा चांगला असतोच असं नाही. त्या आकड्याला फार भुलू नये.

पीसीवर पहिल्यांदा जोडताना

१. हेडसेट पूर्ण चार्ज करा. साधारण दोन ते चार तास लागतात. सी-टू-सी केबल लावूनही दिवा लागत नसेल तर घाबरू नका. काही स्वस्त हेडसेटच्या सी-पोर्टमध्ये चार्जरला ‘वीज दे’ सांगणारे छोटे रोधक बसवलेलेच नसतात. जुन्या चौकोनी यूएसबी-ए पोर्टच्या चार्जरला सोबतची केबल लावा, चार्जिंग सुरू होतं.

२. डोंगलवर सरकणारं बटण असेल तर ते ‘पीसी’कडे करा.

३. डोंगल शक्यतो पुढच्या पोर्टमध्ये किंवा एक्स्टेन्शन केबल लावून टेबलावर ठेवा. कॅबिनेटच्या मागे लावला तर लोखंडी डब्याच्या आड जातो.

४. हेडसेट चालू करा. खोक्यातला डोंगल कारखान्यातच हेडसेटशी जोडलेला असतो, त्यामुळे दिवा लुकलुकून स्थिर झाला की काम झालं. लुकलुकतच राहिला तर हेडसेट बंद करून त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेली पेअरिंगची पद्धत करा.

५. कानावर चढवण्याआधी विंडोजचा आवाज ३०वर आणा. नव्या हेडसेटचा पहिला आवाज बरेचदा १००वर येतो.

६. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड इथे जाऊन आउटपुट आणि इनपुट दोन्हीकडे हेडसेट निवडा. त्याच्या नावावर क्लिक केलं की ‘फॉरमॅट’ दिसतो, तिथे १६ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवा. बहुतेक गेम ४८ किलोहर्ट्झवरच चालतात. यापेक्षा मोठा आकडा निवडून कानाला काही मिळत नाही.

७. कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून फर्मवेअर, म्हणजे हेडसेटच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. हेडसेट केबलने पीसीला जोडलेला हवा, बॅटरी निम्म्याच्या वर हवी आणि मध्येच काही उपटायचं नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये हेडसेटचं आणि डोंगलचं फर्मवेअर वेगळं असतं. एकाचंच केलं आणि दुसरं राहिलं तर अपडेटनंतर दोघांची ओळखच तुटते. अशा वेळी राहिलेलं अपडेट पूर्ण करून पुन्हा पेअर करायचं.

काही हेडसेट जोडले की विंडोजमध्ये एकाऐवजी दोन नावं येतात, एकापुढे ‘गेम’ आणि दुसऱ्यापुढे ‘चॅट’. हेडसेटवरच्या चक्राने गेमचा आवाज कमी आणि मित्रांचा जास्त करता यावा म्हणून ही सोय. साउंडच्या पानावर खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ उघडा. ‘गेम’वर उजवं क्लिक करून डीफॉल्ट डिव्हाइस करा, ‘चॅट’ला डीफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस करा. उलटं झालं तर गाणी चॅटच्या वाटेने जातात, जी बोलण्यापुरती बनवलेली असते. संगीत निर्जीव वाजतंय अशी तक्रार घेऊन आलेल्या पीसीवर आधी हेच तपासावं.

त्याच खिडकीत शेवटचा टॅब ‘कम्युनिकेशन्स’. बोलणं सुरू झालं की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, असं विंडोजने आपणहून ठरवून ठेवलेलं असतं. मित्र कॉलवर आला की गेमचा आवाज एकाएकी गायब होतो तो यामुळे. तिथे ‘डू नथिंग’ निवडा.

ब्लूटूथचा माइक

ब्लूटूथमध्ये आवाजाचे दोन प्रोफाइल असतात. एक गाण्यांसाठी: स्टिरिओ, बऱ्यापैकी दर्जा, पण एकाच दिशेने. दुसरं कॉलसाठी: जाणारा आणि येणारा असा दोन्ही दिशांचा आवाज, पण मोनो आणि फार अरुंद. या दुसऱ्या प्रोफाइलमध्ये आवाजाचे नमुने सेकंदाला ८ हजार किंवा १६ हजारच घेतले जातात, म्हणजे वरचे सूर ४ किंवा ८ किलोहर्ट्झलाच कापले जातात. कुठल्याही अ‍ॅपने हेडसेटचा माइक मागितला की पहिलं प्रोफाइल बंद होऊन दुसरं सुरू होतं. डावं-उजवं जातं, बास जातो, झांजांचा झणत्कार जातो. हेडसेट बदलून उपयोग नाही, जुन्या ब्लूटूथची बांधणीच तशी आहे. एलई ऑडिओ नावाच्या नव्या पद्धतीत यावर तोड निघाली आहे, पण हेडसेट, फोन किंवा लॅपटॉप आणि त्यातली प्रणाली सगळ्यांनाच ती यायला हवी.

लॅपटॉपवर ब्लूटूथच वापरायचं असेल तर सोपा उपाय असा: डिस्कॉर्ड या खेळताना बोलायच्या अ‍ॅपच्या व्हॉइस अँड व्हिडिओ सेटिंगमध्ये आउटपुट हेडसेट ठेवा आणि इनपुटला लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. हेडसेटचा माइक कुणी मागितलाच नाही तर गाण्यांचं प्रोफाइल जागेवर राहतं. कुठलं तरी दुसरं अ‍ॅप गुपचूप माइक धरून बसलेलं नाही ना, हे टास्कबारवरच्या माइकच्या चिन्हावरून कळतं.

फोनवर बीजीएमआय खेळताना हाच प्रकार होतो. टीमचा माइक उघडला की गोळ्यांचा आवाज एकदम पातळ होतो आणि आवाजाची पट्टीही कॉलची होते. अँड्रॉइडमध्ये कनेक्टेड डिव्हाइसेस उघडून हेडसेटच्या नावाशेजारच्या गिअरवर टिचकी मारा आणि ‘फोन कॉल्स’ बंद, ‘मीडिया ऑडिओ’ चालू ठेवा. आता गेम फोनचा माइक घेईल. उशीर मात्र तसाच राहतो. पावलं ऐकून खेळायचं असेल तर सी-पिनेचा डोंगल थेट फोनला लावणं हाच खरा मार्ग. ओप्पो, रिअलमी, वनप्लस अशा फोनवर त्याआधी सेटिंग्जमध्ये ‘ओटीजी’ शोधून चालू करावं लागतं. काही वेळ वापर झाला नाही की ते आपोआप बंद होतं, मग डोंगल मेला असं वाटतं. फोनचं जाड कव्हरही डोंगलची पिन पूर्ण आत जाऊ देत नाही, तेही पाहा.

सराउंड एकदाच

हेडसेटमध्ये दोनच ड्रायव्हर असतात, डावा आणि उजवा. खोक्यावरचं ‘७.१ सराउंड’, म्हणजे चोहोबाजूंनी येणारा आवाज, हे सॉफ्टवेअरचं गणित आहे. मागून आलेला आवाज कानाच्या पाळीवरून कसा वळेल, किती उशिरा पोहोचेल, याचा हिशेब करून ते दोन ड्रायव्हरमधून तसा भास उभा करतं. भास चांगला होतो, पण गणित एकाच ठिकाणी व्हायला हवं. गेमने केलेल्या हिशेबावर विंडोजने हिशेब केला आणि त्यावर कंपनीच्या सॉफ्टवेअरने आणखी एक केला तर सगळे आवाज दूरच्या रिकाम्या खोलीतून यायला लागतात. दिशा तर कळतच नाही.

नियम सोपा ठेवा. गेममध्ये स्वतःची सोय असेल तर ती चालू आणि बाकी सगळं बंद. व्हॅलोरंटमध्ये ऑडिओ सेटिंगमध्ये ‘एचआरटीएफ’ नावाची सोय आहे, ती लावा आणि स्पीकर स्टिरिओ ठेवा. काउंटर-स्ट्राइक २ चंही दिशेचं गणित गेमच्या आतच होतं. गेममध्ये अशी सोय नसेल तर विंडोजचं मोफत मिळणारं ‘विंडोज सॉनिक’ लावून पाहा. डॉल्बी अ‍ॅटमॉसला पैसे पडतात, चाचणीचा काळ मिळतो, त्यात आवडलं तरच घ्या. गोष्टीच्या गेमना, मोकळ्या जगात हिंडायच्या गेमना याने मजा येते. स्पर्धेच्या गेममध्ये बरेच चांगले खेळाडू साधा स्टिरिओच पसंत करतात.

‘लाउडनेस इक्वलायझेशन’ नावाचं बटण पीसीच्या काही साउंड सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. ते हळू आवाज वर उचलतं आणि मोठे खाली दाबतं. पावलं ठळक होतात हे खरं, पण जवळची पावलं आणि लांबची पावलं सारखीच ऐकू येतात. गाण्यांचं तर ते वाटोळंच करतं.

कन्सोलवर

प्लेस्टेशन ५ वर डोंगल कुठल्याही यूएसबी पोर्टला लावा, डोंगलवर बटण असेल तर ते ‘पीएस’कडे हवं. सेटिंग्जमध्ये साउंड, त्यात ऑडिओ आउटपुटमध्ये हेडसेट दिसतो. थ्रीडी ऑडिओ चालू करा आणि तिथेच आपल्या कानानुसार प्रोफाइल जुळवायची चाचणी आहे, तीही करा. दोन मिनिटांचं काम, पण प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी असल्याने फरक चांगलाच पडतो. यानंतर हेडसेटचा स्वतःचा सराउंड बंद.

एक्सबॉक्सवर हेडसेट त्याच्याच वायरलेस पद्धतीचा असेल तर कन्सोलचं पेअर बटण आणि हेडसेटचं पेअर बटण एकापाठोपाठ दाबून धरा. बस्स.

निन्टेन्डो स्विचला ब्लूटूथ ऑडिओ सप्टेंबर २०२१च्या अपडेटने मिळाला, पण त्यावर हेडसेटचा माइक चालत नाही आणि वायरलेस कंट्रोलर दोनपेक्षा जास्त जोडता येत नाहीत. डॉकच्या यूएसबी पोर्टला डोंगल लावणं जास्त सुखाचं. हातात धरून खेळताना सी-पिनेचा डोंगल खालच्या पोर्टला बसतो.

माइक

दांडी ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, दोन बोटं अंतरावर. थेट तोंडासमोर धरली की ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा फटका बसतो. फोमची टोपी असेल तर काढू नका. विंडोजमधल्या साउंड रेकॉर्डरने अर्धा मिनिट बोलून ऐका. पातळी इतकी ठेवा की ओरडल्यावरही आवाज फाटत नाही.

आपल्याकडे डोक्यावरचा पंखा बंद करून खेळणं कुणालाच जमणार नाही, त्यामुळे मागचा गोंगाट कापणारं नॉइज सप्रेशन हवंच. ते एकच ठेवा. हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधलं एक आणि डिस्कॉर्डमधलं क्रिस्प असे दोन लावले की शब्दांची शेपटं खाल्ली जातात आणि ‘आवाज तुटतोय’ची तक्रार सुरू होते. स्वयंपाकघर शेजारी असेल तर व्हॉइस अ‍ॅक्टिव्हिटीऐवजी पुश-टू-टॉक घ्या, म्हणजे बटण दाबलं तरच माइक उघडतो. कुकरच्या शिट्ट्या मोजायची हौस टीमला नसते. सप्रेशन सतत घोंघावणारा आवाज छान कापतं, अचानक येणाऱ्या शिट्टीपुढे मात्र चाचरतं.

बंद कपाच्या हेडसेटमध्ये स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, म्हणून माणूस नकळत ओरडायला लागतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘साइडटोन’ असेल तर थोडा चालू करा, आपलं बोलणं आपल्याच कानात हलकं येतं. रात्री खेळणाऱ्यांच्या घरच्यांवर हा मोठाच उपकार आहे.

संगीत ऐकताना

पीसीपुढे बसून ऐकायचं तर गाण्यांनाही डोंगलच चांगला. साध्या १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ आवाजाला सेकंदाला सुमारे १५३६ किलोबिट लागतात. ब्लूटूथच्या एसबीसीमधून नेहमीच्या सेटिंगवर साधारण ३२८ किलोबिटच जातात. त्यामुळे ब्लूटूथवर ‘लॉसलेस’ (दर्जा जराही न घटवलेलं) गाणं लावलं तरी कानापर्यंत ते लॉसलेस पोहोचत नाही, डेटा तेवढा जास्त जातो. फोनवर स्पॉटिफायच्या प्रीमियममध्ये ‘व्हेरी हाय’ म्हणजे सुमारे ३२० किलोबिट निवडलं की ब्लूटूथसाठी भरपूर झालं. वायफाय आणि मोबाइल डेटासाठी हे सेटिंग वेगवेगळं असतं, एक बदलून दुसरं तसंच राहतं. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये कोडेक बदलता येतो, पण हेडसेटला तो यायला हवा आणि गेमिंग हेडसेट बहुधा एसबीसी-एएसीपर्यंतच येतात. आयफोनवर निवडच नाही, एएसी किंवा एसबीसी.

गाणी लावण्याआधी सगळे सराउंड बंद करा. संगीत संयोजकाने वाद्यांच्या जागा डाव्या-उजव्यात आधीच लावलेल्या असतात, सराउंड ती मांडणी विस्कटतं.

मग इक्वलायझर, म्हणजे जाड-बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय. गेमिंग हेडसेट मुद्दाम स्फोट दणकेबाज वाटावेत म्हणून बास फुगवून बनवलेले असतात. ओळखीचं एखादं अभंगाचं ध्वनिमुद्रण लावा. पखवाजाचा धुमा घुमतोय की नुसता फुगतोय? टाळ वेगळे ऐकू येतात की सगळ्याचा एक लगदा झालाय? गाणाऱ्याचा आवाज मागे गेलाय? बहुतेक वेळा १०० ते २५० हर्ट्झची पट्टी २ ते ४ डेसिबलने खाली आणली की गळा मोकळा होतो. टाळ, झांज टोचत असतील तर ६ ते ८ किलोहर्ट्झ २ डेसिबल कमी. आधी कापून पाहा. वाढवायचं असेलच तर जितकं वाढवलं तितकाच एकूण पातळी ठरवणारा प्रीअ‍ॅम्प खाली घ्या. ३ डेसिबल वाढवले तर प्रीअ‍ॅम्प उणे ३, नाहीतर मोठ्या थापेला आवाज फाटतो.

खेळासाठी वेगळा प्रीसेट करा. तिथे ६० ते १५० हर्ट्झ ३ ते ४ डेसिबलने खाली, म्हणजे स्फोटांखाली पावलं दबत नाहीत, आणि २ ते ४ किलोहर्ट्झ ३ डेसिबलने वर, कारण पावलांची किरकिर आणि बंदुकीत गोळ्या भरल्याची खटखट तिथेच असते. दोन प्रीसेटना नावं देऊन ठेवा, पुढे फक्त बदलायचे. कंपनीचं सॉफ्टवेअर नसेल तर विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ मोफत आहे. एक पाहून घ्या: इक्वलायझर हेडसेटच्या आत साठतो की पीसीवर? पीसीवर असेल तर फोनला जोडल्यावर पुन्हा मूळचा फुगलेला बास हजर.

कीबोर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक तबला वाजवून त्याच वेळी ऐकायचं असेल तर ब्लूटूथ मुळीच नको, डोंगलचा उशीरही लयदार बोटांना जाणवतो. तिथे वायरच.

आवाज तुटतो तेव्हा

पहिला संशयित यूएसबी ३ चं पोर्ट. हे पोर्ट आणि त्याला लावलेली हार्ड डिस्क काम करताना नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलं होतं. फाइल कॉपी करताना आवाज तुटत असेल तर खात्रीच समजा. डोंगल यूएसबी २ च्या पोर्टला हलवा किंवा एक्स्टेन्शन केबलने वीतभर लांब न्या. वायरलेस माउसचा डोंगलही त्याला खेटून नको.

दुसरा संशयित वायफाय. राउटर दोन्ही पट्ट्यांवर चालत असेल तर पीसी आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर न्या. लॅपटॉपवर ब्लूटूथ वापरताना तर हे हवंच, कारण तिथे वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच अँटेनावर भागवतात. तिसरा म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हन, तोही याच पट्ट्यात. जेवण गरम होईपर्यंतच आवाज तुटत असेल तर कारण शोधत बसायला नको.

दर काही मिनिटांनी क्षणभर आवाज जाऊन परत येत असेल तर विंडोज यूएसबीची वीज वाचवत असू शकतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज बंद करायची परवानगी काढा. आणि हेडसेटच पूर्ण बंद होत असेल तर तो स्वयंचलित बंद होण्याचा वेळ असतो, सॉफ्टवेअरमध्ये वाढवता येतो.

बॅटरी, गाद्या आणि कान

चार्जिंगला लावून खेळलं तर काही बिघडत नाही. त्याच पीसीच्या पोर्टवरून चार्ज करताना बारीक गुणगुण ऐकू आली तर केबल फोनच्या चार्जरला लावा, गुणगुण थांबते. रंगीत दिवे बंद केले की बॅटरी दिसून येईल इतकी जास्त चालते, आणि डोक्यावरचे दिवे आपल्याला दिसत नसतातच. परीक्षेसाठी किंवा गावी जाताना महिनोन्महिने ठेवून द्यायचा असेल तर निम्मा चार्ज करून ठेवा. रिकामा ठेवलेला लिथियम सेल इतका खाली जातो की परत चार्जच घेत नाही.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत सगळ्यात आधी जातात त्या कानाच्या गाद्या. घाम मुरतो, कृत्रिम चामड्याला बारीक भेगा पडतात आणि काळे पापुद्रे कानाला चिकटू लागतात. खेळून झालं की कोरड्या मऊ कापडाने पुसा. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावलं तर चामडं आणखी लवकर तडकतं. कापडी गाद्या घाम सोसतात, पण बाहेरचा आवाज जास्त आत येतो आणि बासही थोडा उतरतो. घेतानाच या मॉडेलच्या सुट्या गाद्या मिळतात का ते शोधा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या टाकून डब्यात ठेवला तर बुरशीचा वास येत नाही.

कानांचं गणित जागतिक आरोग्य संघटनेने आखून दिलं आहे: ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास, ९० डेसिबलवर फक्त ४ तास. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. डेसिबल मोजायला घरी काही नसतं, तेव्हा एक कामचलाऊ कसोटी: हेडसेट कानावर असताना हातभर अंतरावरचा माणूस नेहमीच्या आवाजात बोलला आणि काहीच कळलं नाही, तर आवाज जास्त आहे. गेम संपल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो खूपच जास्त होता.

शेवटी डोंगल. हेडसेटच्या सगळ्या भागांत हरवायला तोच सोपा. काही कंपन्या सुटा डोंगल विकतात आणि तो सॉफ्टवेअरने हेडसेटशी जोडता येतो. काहींच्या बाबतीत डोंगल गेला की गेमिंग हेडसेटचा साधा ब्लूटूथ हेडफोन होतो, आणि ब्लूटूथ नसलेला असेल तर तेही नाही. दुसऱ्याच मॉडेलचा डोंगल, अगदी त्याच कंपनीचा असला तरी, चालेलच असं नाही. म्हणून बॅगेत नेताना कपात डोंगल ठेवायची खाच आहे का ते पाहा, नसेल तर चेन असलेल्या छोट्या पाकिटात टाका. जुना हेडसेट घेत असाल तर विकणाऱ्याला पैसे देण्याआधी डोंगल लावून, माइक उघडून, पाच मिनिटं चालवून बघा.